दहिवराने भाजलेली पामची बाग: कापायचं कधी, थांबायचं कधी

बाग एका मोठ्या निवासी संकुलाची. जागा उताराची. वरच्या अंगाला जुन्या, पसरट वृक्षांची सावली, खालच्या टोकाला उंच भरीव कुंपणभिंत. या दोन टोकांच्या मध्ये वेगवेगळ्या स्वभावाचे पाम लावलेले होते. वाटेच्या कडेने क्वीन पामची रांग, प्रवेशापाशी एक जुना कॅनरी खजूर, भिंतीलगत फॉक्सटेल आणि अरेकाची बेटं. बुटके फिनिक्स रोबेलिनी काही झाडांखाली, काही उघड्यावर. शिवाय कोणाच्या लेखी फारसे मोलाचे नसलेले दोन-चार ट्रॅकिकार्पस. ऐन हिवाळ्यात लागोपाठ दोन रात्री पारा उणे 5 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला. वारा पडलेला, आभाळ निरभ्र. सकाळी गवतावर आणि झावळ्यांवर पांढरं दहिवर धरलेलं होतं.

पुढच्या काही दिवसांत व्यवस्थापनाचं जवळपास ठरून गेलं होतं. करपलेलं सगळं छाटायचं, बाग स्वच्छ करायची आणि मेलेल्या झाडांची यादी करून त्यांच्या जागी नवी लावायची. मला बोलावलं ते या यादीसाठी. यादी देता येण्यासारखी नव्हती. दहिवरानंतरच्या पहिल्या आठवड्यात पाम जगला की गेला, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. हिरवा दिसणारा पाम आतून संपलेला असू शकतो. उलट एकही हिरवी झावळी न उरलेला पाम उन्हाळ्यात नवं पान काढतो. त्यामुळे पहिला सल्ला दिला तो करवत बाजूला ठेवण्याचा, आणि तोच सगळ्यांत कमी पटला.

हा आग्रह का, हे समजायला पामची घडण लक्षात घ्यावी लागते. इतर बहुतेक वृक्षांच्या फांद्यांवर शेकडो डोळे असतात. शेंडा मेला तर खालून धुमारे फुटतात. एकखोडी पामला वाढीचा बिंदू एकच, तोही शेंड्याच्या आत, पानांच्या देठांच्या आवरणात खोल दडलेला. त्या कोंबातच पुढच्या दोन-दोन वर्षांची पानं घडी घालून तयार होत असतात. तो मेला की झाड संपलं, मग मुळं आणि खोड कितीही धडधाकट असोत. दुसरी गोष्ट खोडाची. पामच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा थर नसतो. म्हणून खोडाला झालेली जखम भरून येत नाही, आणि पाणी वाहून नेणाऱ्या ज्या नळ्या थंडीत मेल्या त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. ही दुसरी गोष्ट या प्रकरणात पुढे महागात पडली.

पहिल्या फेरीत आम्ही झाडांपेक्षा जमीन जास्त पाहिली. शांत, निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. तिच्यालगतची हवा गार होते, गार हवा जड असते आणि ती उतारावरून खाली सरकते. इथे तिला खाली भिंतीने अडवलं होतं. भिंतीलगतचा पट्टा म्हणजे थंड हवेचं तळंच झालं होतं. वर मात्र मोठ्या झाडांच्या छत्राने जमिनीची ऊब थोडी रोखून धरली. रोबेलिनीमध्ये हा फरक उघड दिसत होता. छत्राखालच्यांची फक्त बाहेरची पानं करपली होती, उघड्यावरच्यांचा पेंढा झाला होता. जात तीच, वय तेच, निगा तीच. कोणत्या जातीला किती थंडी सोसते याचे तक्ते उपयोगाचे असतात, पण ते हवेचं तापमान सांगतात. झाड नेमकं कुठे उभं आहे, हे त्यात नसतं.

तरी जातीचा हिशेब सुटत नाही. ट्रॅकिकार्पस उणे 10 अंशांच्याही खाली तगतो, त्याला या रात्रींचा पत्ताही लागला नाही. कॅनरी खजुराच्या बाहेरच्या झावळ्यांची टोकं तेवढी पिवळट झाली. क्वीन पामची मात्र उणे 5 ही जवळपास सीमारेषा. तिथे पानं जातात आणि कोंबाचं काय होईल ते परिस्थितीवर ठरतं. फॉक्सटेल आणि अरेका मुळात उष्ण प्रदेशातले. त्यांना गोठणबिंदूच्या जरा खाली गेलेली रात्रही जड जाते. फॉक्सटेलबद्दल मी पहिल्याच दिवशी फार आशा ठेवली नव्हती.

करपलेल्या झावळ्या का ठेवायच्या, यावर बरीच चर्चा झाली. बाग वाईट दिसते, रहिवासी तक्रार करतात, हे खरंच होतं. पण हिवाळा संपलेला नव्हता. सुकलेल्या झावळ्यांचा झुबकाही कोंबाभोवती थोडा आडोसा करतो, आणि तो काढल्यावर आणखी एक गोठवणारी रात्र आली तर उघडा कोंब थेट तिच्या तोंडी जातो. शिवाय अर्धवट करपलेल्या पानाचा उरलेला हिरवा भाग झाडासाठी अन्न बनवत असतो. पाम जुन्या पानांतलं पोटॅश काढून नव्या पानांना पुरवतो. म्हणजे अर्धं पिवळं पान ही त्याची शिदोरी असते. शेवटी तडजोड झाली. पूर्ण वाळून लोंबणाऱ्या, येणाजाणाऱ्यांच्या अंगावर पडू शकतील अशा झावळ्या काढायच्या, बाकी थंडीचा धोका टळेपर्यंत तशाच ठेवायच्या. देठ खोडाच्या अगदी लगत खरवडून कापायचे नाहीत, हेही बजावलं.

पहिल्या दिवसांत पानांचा रंग बघण्यासारखा होता. गोठल्यावर पेशींच्या बाहेर बर्फ तयार होतो, तो आतलं पाणी ओढून घेतो आणि पेशींची आवरणं फाटतात. बर्फ वितळला की असं पान गडद, पाण्याने भिजल्यासारखं दिसतं आणि मग दिवसागणिक तपकिरी होत पेंढ्याच्या रंगावर येतं. म्हणून पहिल्या दोन दिवसांतला नुकसानीचा अंदाज हमखास कमी निघतो. इथेही तसंच झालं. पहिल्या पाहणीत 'ठीक' लिहिलेली तीन झाडं पुढच्या पाहणीत तपकिरी होती.

खरी परीक्षा सुईची. सुई म्हणजे शेंड्याच्या मधोमध उभं असलेलं, अजून न उलगडलेलं पान. ते हाताने धरून हलकेच वर ओढायचं. घट्ट बसलेलं असेल तर निदान तळाशी सड नाही. सहज उपटून हातात आलं आणि बुडाशी काळपट, ओलसर, घाण वासाचं असलं, तर कोंबाच्या दिशेने सड चालली आहे. इथे क्वीन पामच्या रांगेतली तीन झाडं मी वेगळी धरली, कारण त्या तिघांनी तीन वेगळे मार्ग धरले. त्यांना वरचा, मधला आणि खालचा म्हणू.

वरच्याची अर्धी पानं करपली होती, सुई घट्ट. मधल्याची सगळी पानं गेली होती आणि काही आठवड्यांनी सुई ओढताच हातात आली. भिंतीजवळच्या खालच्याचीही पानं पूर्ण करपलेली, पण सुई मात्र हिरवी आणि घट्ट. साहजिकच व्यवस्थापनाने मधला काढायच्या यादीत घातला आणि खालचा वाचला असं मनाशी धरलं.

सुई निघाली म्हणजे झाड मेलं, हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. सुईचा तळ सडला, तरी वाढीचा बिंदू त्याच्याही खाली असतो. थंडीने मेलेल्या कोवळ्या ऊतींवर बुरशी आणि जिवाणू येतात, पाणी साचतं, आणि सड हळूहळू खाली उतरते. शर्यत त्या उतरणाऱ्या सडीशी असते. थंडीने जे मारायचं ते मारलं. त्यानंतर जाणारे बरेच पाम खरं तर या दुय्यम सडीने जातात, आणि तिथेच माणसाला काही करता येतं.

मधल्या पामच्या शेंड्यातली सुटी झालेली, सडकी पानं आम्ही हाताने आणि धारदार, निर्जंतुक केलेल्या सुरीने काढली. किती खोल जायचं? पांढरट, कडक, निरोगी ऊती लागेपर्यंत, त्यापुढे एक बोटही नाही. जास्त उत्साहाने खाली जाणारा माणूस वाचलेला कोंबच कापून बसतो. पोकळीत पाणी साचू नये म्हणून कडेच्या सडलेल्या देठांची उंची कमी केली, म्हणजे आत हवा खेळेल आणि ती जागा कोरडी पडेल. मग तांबंयुक्त बुरशीनाशक शेंड्यात भरपूर ओतलं. कॉपर हायड्रॉक्साइड किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड, यांपैकी जे पामसाठी मान्य असेल ते, वेष्टनावरच्या प्रमाणात. तांब्याचा फायदा असा की ते बुरशी आणि जिवाणू दोघांवर चालतं. बाकीची बरीच बुरशीनाशकं जिवाणूंना हात लावत नाहीत. साधारण दहा दिवसांनी दुसरी मात्रा दिली.

तिसरी दिली नाही. बागेतल्या माणसांना ते कंजूषपणाचं वाटलं, पण तांबं साठत जातं आणि कोवळ्या ऊतींना स्वतःच भाजतं. दोन मात्रांच्या पुढे फायद्यापेक्षा अपायाची भीती जास्त. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतण्याचीही सूचना आली. ते ओतल्यावर फेस येतो, काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं, आणि त्याची लोकप्रियता बहुधा त्या फेसामुळेच आहे. पृष्ठभागावरचे जंतू त्याने मरतात, पण ते लगेच विघटन पावतं आणि मागे संरक्षण ठेवत नाही. तांब्याचा थर मात्र तिथे टिकून राहतो. दोन्ही एका वेळी ओतणं तर टाळावंच, कारण तांब्याच्या सान्निध्यात पेरॉक्साइड आणखी झपाट्याने विघटित होतं.

वरच्या आणि खालच्या पामलाही, सुई घट्ट असूनही, खबरदारी म्हणून एकेकदा तांबं दिलं. वरून पाणी फेकणारे फवारे बंद केले. शेंड्यात रोज पाणी साचत राहिलं तर औषधाचा उपयोग नाही.

पाण्याबाबत उलटी ओढाताण होती. झाड आजारी दिसतं म्हणून माणसं पाणी वाढवतात. पण पानंच नाहीत तर पाणी उडून जाणार कुठून? गार जमिनीत मुळंही संथ असतात. चिखलात उभं राहिलेलं झाड मग मुळांपासून सडायला लागतं. माती बोटभर खोल कोरडी वाटल्यावरच पाणी द्यायचं ठरलं. खताचंही तसंच. हिवाळ्यात, वाढ थांबलेली असताना दिलेलं नत्र झाडाला वापरता येत नाही. नवं पान हलताना दिसल्यावरच खत. फ्लोरिडा विद्यापीठाची पामसाठीची शिफारस 8-2-12 अशी आहे: नत्र 8, स्फुरद 2, पोटॅश 12, सोबत 4 टक्के मॅग्नेशियम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं; त्यातलं नत्र, पोटॅश आणि मॅग्नेशियम हळू सुटणाऱ्या रूपात. आम्ही त्याच्या जवळ जाणारं मिश्रण घेतलं. लॉनच्या गवतासाठीचं खत पामच्या बुंध्याशी टाकायची इथे जुनी सवय होती, ती मोडली. त्यात नत्र जास्त आणि पोटॅश कमी असतं. आधीच पोटॅशची तूट असलेला पाम त्याने आणखी कमजोर होतो, आणि पोटॅशची तूट असलेला पाम थंडीही कमी सोसतो. या बागेत थंडीच्या आधीपासून जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके होते, म्हणजे ती तूट होतीच. एवढं नुकसान होण्यात तिचाही वाटा होता, असं माझं मत आहे.

मग वाट पाहणं. हा भाग लिहायला छोटा आणि प्रत्यक्षात सगळ्यांत लांब. व्यवस्थापनाच्या बैठकीत दर वेळी हाच प्रश्न: काही झालं का? म्हणून आम्ही एक साधी युक्ती वापरली. सुई आणि तिच्या शेजारचं जुनं देठ यांवर पक्क्या शाईने एकाच उंचीवर आडवी रेघ मारायची. जुनं देठ वाढत नाही. सुई वाढत असेल तर तिच्यावरची रेघ वर सरकते. डोळ्यांना न दिसणारी वाढ अशी मोजता येते, आणि 'हिरवी आहे म्हणजे जिवंत आहे' हा भ्रमही तुटतो. वरच्याची रेघ ऊब वाढताच सरकू लागली. खालच्याची सुई हिरवीगार होती, पण रेघ बराच काळ जागची हलली नाही. मग अगदी मंदपणे सरकली.

मधल्याच्या रिकाम्या शेंड्यातून उन्हाळ्याच्या तोंडावर काहीतरी वर आलं. ते पान म्हणण्यासारखं नव्हतं. तपकिरी टोकाचा, कातरून टाकल्यासारखा आखूड हिरवा तुकडा होता. तो बघून पुन्हा काळजी सुरू झाली, रोग म्हणावं की खताची कमतरता? खरं तर ती सर्वांत चांगली बातमी होती. थंडीच्या वेळी कोंबात घडी घालून असलेल्या पानांचा वरचा भाग मेला होता, खालचा जिवंत होता. पान जसं वर सरकतं तसा तो मेलेला भाग आधी बाहेर येतो. पुढचं पान थोडं जास्त पूर्ण, त्यापुढचं आणखी. अशी वेडीवाकडी पानं कापायची नाहीत, कारण त्यांचा हिरवा भागच आता झाडाचं पोट भरतो. बोरॉनच्या कमतरतेतही पानं अशीच आखूड आणि चुरगळलेली येतात. फरक असा की थंडीची विकृती पानागणिक ओसरत जाते आणि कमतरतेची सहसा अशी क्रमाने ओसरत नाही. जमीन अजून गार असल्याने सूक्ष्म अन्नद्रव्यं मुळांवाटे नीट मिळत नव्हती, म्हणून पानांवरून मँगनीजसह हलकी फवारणी दिली.

अरेकाच्या बेटांचा किस्सा वेगळा आणि सोपा. वरच्या सगळ्या काठ्या मेल्या, पण अरेका बेटाने वाढतो, बुडाशी अनेक कोंब असतात. मेलेल्या काठ्या जमिनीलगत कापल्या आणि उन्हाळ्यात दोन बेटांना नवे फुटवे आले. बाकीची बेटं गेली. फॉक्सटेल सगळे गेले. खोड बोटाने दाबलं तर मऊ लागत होतं, तिथे वाट पाहण्यात अर्थ नव्हता. उघड्यावरच्या रोबेलिनींपैकी एकच जगला, आणि तो कसा जगला याचं समाधानकारक कारण माझ्याकडे नाही.

कडक उन्हाळ्यात खालच्या क्वीन पामने सगळ्यांना चकवलं. त्याने एक बऱ्यापैकी पान उलगडलं होतं, दुसरं अर्धं आलं होतं. तापमान चढलं आणि आठवड्याभरात दोन्ही पानं एकदम माना टाकून लोंबली. पाणी भरपूर होतं, कीड नव्हती. खोडावर पहिल्यापासून एक उभी चीर होती, तिच्याकडे सगळे वरवरची म्हणून बघत होते. तिथे ठोकल्यावर पोकळ आवाज आला. झाड काढून खोड आडवं कापलं तेव्हा गाभ्यात मोठा तपकिरी पट्टा निघाला. भिंतीशी साचलेल्या थंड हवेने कोंबाला नव्हे, खोडाला मारलं होतं. उरलेल्या नळ्या हिवाळ्यात, पानं नसताना पुरल्या. उन्हाळ्यात पानांनी पाण्याची मागणी केली तेव्हा त्या कमी पडल्या. खोडाचं असं नुकसान कधीकधी पुढच्या एक-दोन वर्षांतही उघड होतं. म्हणून 'वाचला' हा शब्द मी या बागेत पहिल्या उन्हाळ्याआधी कुठेच लिहू दिला नाही, आणि वाटेवरच्या झाडांसाठी दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंतही तो जपूनच वापरायचं ठरलं. मेलेल्या पामचं खोड आतून कुजतं आणि बाहेरून ताठ दिसतं, त्यामुळे माणसांच्या वाटेवरचं मेलेलं झाड ठेवून बघण्यात शहाणपण नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये आलेल्या कडाक्याच्या थंडीनंतर उंच मेक्सिकन वॉशिंग्टोनिया पाम मोठ्या संख्येने मेले आणि शेंडा नसलेले खांब होऊन उभे राहिले. तिथल्या सेबल पामनी मात्र तीच थंडी बरीच सोसली.

व्यवस्थापनातल्या एकाने विचारलं, "मधला वाचतो आणि खालचा जातो, मग तुमच्या परीक्षेचा उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. सुईची परीक्षा फक्त शेंड्याबद्दल बोलते, खोडाबद्दल नाही. दोन्ही तपासायचे. शेंड्यासाठी सुई आणि रेघ, खोडासाठी चिरा, मऊपणा, रस गळणं, ठोकल्याचा आवाज. इथे खोडाची नोंद पहिल्या फेरीपासून वेगळ्या रकान्यात ठेवली असती, तर खालच्याबद्दल आशा इतकी वाढली नसती. झाड मात्र तरीही गेलंच असतं.

पुढच्या हिवाळ्याची तयारी उन्हाळा सरतानाच सुरू केली. पोटॅश आणि मॅग्नेशियम वेळेवर, उशिरा नत्र अजिबात नाही, मोठी छाटणी नाही. बुंध्याशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, पण खोडाला चिकटवून नाही. गोठणाऱ्या रात्रीच्या आदल्या दिवशी जमीन ओलावून ठेवायची, कारण ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री सोडते. शेंडा मात्र कोरडा. लहान झाडांवर कापडाचं आवरण थेट जमिनीपर्यंत सोडायचं, म्हणजे जमिनीची ऊब आत अडकेल, आणि ऊन चढताच ते काढायचं. पानांना टेकलेलं प्लास्टिक नको. जुन्या पद्धतीच्या, गरम होणाऱ्या दिव्यांची माळ शेंड्याभोवती गुंडाळली तर अंश-दोन अंशांचा फरक पडतो, एलईडीच्या माळेने जवळपास काहीच नाही. आवरणाचा हा सगळा उपयोग वारा नसलेल्या रात्रीचा. थंड वाऱ्यासोबत येणाऱ्या लाटेत आत अडकवायला ऊब फारशी नसते, तिथे जाड गुंडाळणी आणि उष्णतेचा स्रोत दोन्ही लागतात.

भिंतीच्या कडेला आता काय लावायचं, यावर शेवटची बैठक झाली. पुन्हा फॉक्सटेल लावायची मागणी होती, ती मी लेखी विरोध नोंदवून सोडून दिली. अखेर तिथे ट्रॅकिकार्पस आले, आणि भिंतीच्या तळाशी थंड हवा निसटायला दोन जाळीच्या खिडक्या पाडल्या. मधला क्वीन पाम वाटेवर उभा आहे. त्याच्या शेंड्याखाली खोड थोडं आवळलेलं दिसतं, कारण त्या वर्षी पानंच नव्हती आणि जे खोड तयार झालं ते बारीक झालं. ते पुन्हा रुंद होणार नाही. त्या आवळलेल्या जागेची पाहणी दर उन्हाळ्याआधी करायची, असं बागेच्या नोंदवहीत लिहून ठेवलं आहे.